स्नेहांक

केतकी राऊळला वाटाड्याचा पहिला संशय आला तो त्याच्या वाक्यरचनेवरून.

"आपला मार्ग सुधारण्यात आला आहे," कानातल्या मण्याएवढ्या यंत्रातून तो म्हणाला. "कृपया डावीकडच्या रांगेत यावं."

उजवीकडच्या रांगेत मोजकी माणसं होती. डावीकडची रांग खांबाला वळसा घालून पार मागं गेली होती. केतकी नागपुरात एका शब्दकोशाच्या कचेरीत संपादक होती. दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात तिची निम्मी हयात गेली होती, आणि कर्ता गाळलेलं वाक्य दिसलं की तिचा हात आपसूक लाल पेन्सिलीकडे जाई. सुधारण्यात आला? कुणी सुधारला? आणि आधी त्यात काय बिघडलं होतं?

पण दार उजवीकडचं उघडलं नाही. या नव्या टर्मिनलमध्ये दारं काचेची होती, सरकती होती, आणि माणूस बघून उघडत होती. कुठल्या रांगेत उभं राहायचं, कुठं खायचं, कुठल्या खुर्चीवर बसायचं, हे वाटाड्या सांगे आणि लोक ऐकत. ऐकलं की वेळ वाचतो, हा सगळ्यांचा अनुभव होता. केतकी डावीकडे गेली.

तपासणीच्या पट्ट्यावर तिची पिशवी अडली. पलीकडच्या बाईनं स्टीलचा डबा बाहेर काढला.

"ह्ये काय, मॅडम?"

"शिरा."

"सत्यनारायणाचा का?"

"तेराव्याचा."

बाईनं उघडलेलं झाकण तसंच परत दाबून बसवलं. "कोण?"

"आई."

"बरं," ती म्हणाली आणि डबा पिशवीत आडवा न ठेवता उभा ठेवला. "तूप गळंल न्हाईतर."

आईचं तेरावं आज होतं. तेराव्याला गोड खायचं आणि दुखवटा सोडायचा, आणि राऊळांकडे हा पहिला घास स्वतःच्या हातानं खायचा नाही, घरातल्या दुसऱ्या माणसानं भरवायचा, अशी रीत होती. घरातली माणसं म्हणजे आता केतकी आणि तिचा धाकटा भाऊ तन्मय, एवढीच. तन्मय आज केपटाउनला आणि तिथून पुढं अंटार्क्टिकावरच्या संशोधन केंद्रात चालला होता. दहावं झाल्याबरोबर तो सामान आणि कपडे घ्यायला गोव्याला गेला, तो आज थेट इथं येणार होता. पुढचा अख्खा हिवाळा आणि त्यानंतरचाही बराच काळ तिथून परतीची वाट नव्हती. म्हणून आईच्या घरून नागपूरला परतायचं तिकीट केतकीनं मुद्दाम आजचंच काढलं होतं. मधल्या दालनात देशातले आणि परदेशी जाणारे प्रवासी एकत्र असतात. तिथं 'पंगत' नावाचं उपाहारगृह आहे. तिथं भेटायचं, एकमेकांना घास भरवायचा, एवढं ठरलं होतं.

आणि तिला त्याला एक गोष्ट विचारायचीही होती. ती मात्र ठरलेली नव्हती.

दुकानांच्या रांगेतून जाताना तिचा संशय वाढला. वाटाड्या आपल्याला अत्तरं आणि बदामाची पाकिटं विकायला बघणार अशी तिची खात्री होती. त्यासाठीच तर लांबच्या वाटेनं नेत असणार. पण कुणी काही विकलंच नाही. ती जवळ आली की दुकानातली मुलगी कानाला हात लावी, काहीतरी ऐके आणि आत वळे. पुढच्या माणसाला हसून बोलावणारा चहावाला तिच्याकडे पाहून फडकं मारू लागला.

विकायचं नाही, मग याला हवंय तरी काय?

'पंगत'मध्ये तिला खांबाजवळची खुर्ची मिळाली. दालन भरलेलं होतं, तरी तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. एक म्हातारे गृहस्थ हातात इडलीची बशी घेऊन आले, खुर्चीच्या पाठीला हात लावला, कान दिला आणि "सॉरी हं" असं पुटपुटत लांब जाऊन उभ्याउभ्या खाऊ लागले. मग एक बाई आली, तीही तशीच परत गेली. केतकीनं आपल्या साडीकडे पाहिलं. साडी स्वच्छ होती. जणू सुतक अंगाला चिकटून आलं होतं आणि ते लोकांना दिसत होतं.

तिनं फोन लावला.

"ताई, अगं आहेस कुठं?" तन्मय म्हणाला. मागं भांड्यांचा आवाज होता.

"पंगतमध्ये. तू?"

"मी पण पंगतमध्येच! केव्हाचा बसलोय."

"काहीतरीच. मी खांबाला टेकून बसलेय. समोर भिंतीवर केळीची बाग काढलीय."

"इथं फणस आहेत."

"काय?"

"भिंतीवर. फणस. अगं, दोन पंगती दिसतायत यांच्या."

"बरं, हलू नकोस तिथून. मी येते."

ती उठली. वाटाड्यानं तिला सरकत्या पट्ट्यावरून नेलं, जिन्यानं उतरवलं, पुस्तकांच्या दुकानाला वळसा घातला. फणसांच्या भिंतीपाशी ती पोचली तेव्हा तन्मय तिथं नव्हता. टेबलावर चहाचा अर्धा पेला होता, कोमट.

"मला सांगितलं तू इकडं यायला निघाल्येस, दाराशी थांबा," फोनवर तो म्हणाला. "दाराशी आलो तर दार मागं बंद. आता मी केळीपाशी आहे."

"कुणी सांगितलं?"

"यानंच. कानातल्यानं. ताई, तू का ओरडतेस?"

"मी ओरडत नाहीये."

पण तिचा आवाज चढला होता. कारण हा स्वर तिच्या ओळखीचा होता. लहानपणी काही लपवून ठेवलं की तन्मय असाच, डोळे मोठे करून बोलायचा. आईच्या शेवटच्या आठवड्यांतही तो असाच बोलला होता. "सुटीच मिळत नाही गं, ताई. औलीच्या बर्फात सराव चालूय. आत्ता सोडला तर तुकडीतून नाव जाईल, आणि मग कायमचंच गेलं." तो आला तो आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि नवव्या दिवशी त्याच्या संस्थेतले एक वयस्कर शास्त्रज्ञ भेटायला आले होते. पाणी पिऊन भांडं ठेवता ठेवता ते सहज बोलून गेले, "आम्ही त्याला म्हटलं होतं हो, आई महत्त्वाची. पुढच्या वर्षीच्या तुकडीत जा, जागा राखून ठेवतो." केतकीनं मान हलवली होती आणि त्यांना दारापर्यंत पोचवलं होतं.

आता तो टाळतोय की हे यंत्र? हा प्रश्न मनात आल्याबरोबर तिला दोघांचीही शिसारी आली.

"केळीपाशीच थांब," ती म्हणाली. "कानातलं काढून ठेव."

तिनं स्वतःच्या कानातला मणी काढून पिशवीत टाकला आणि आल्या वाटेनं निघाली. जिन्याच्या तोंडाशी काचेचं दार होतं. ते उघडलं नाही. इतर माणसं आली की उघडे. ती त्यांच्या मागोमाग घुसायला गेली की अलगद मिटे, कुणाला दुखापत न करता.

दाराशेजारी मदत कक्ष होता. आत करड्या रंगाच्या कोटातली पन्नाशीची बाई डब्यातला पुलाव खात बसली होती. छातीवर पाटी होती: परवीन मुकादम, प्रवाह अधिकारी.

"तुमचं दार मला जाऊ देत नाही," केतकी म्हणाली. "माझा भाऊ पलीकडे आहे. थोड्या वेळात त्याचं विमान आहे."

"बसा ना. मणी कुठंय?"

"पिशवीत."

"तिथं त्याला काही ऐकू येणार नाही, पण चालण्यावरून तो तुम्हाला ओळखतोच." परवीनबाईंनी हात पुसले, पडद्यावर तिचं नाव काढलं आणि भुवया वर केल्या. "बाप रे. तुम्ही करता काय?"

"शब्दकोश."

"नाही, म्हणजे लोकांना करता काय? इतका कमी आकडा मी कुणाचाच बघितला नव्हता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सवयीचं होतं त्यांना. मंत्र्यांना, पत्रकारांना सांगून झालेलं.

विमानतळावर उशीर सामानामुळे होतो असं पूर्वी सगळे धरून चालत. मग काही भौतिकशास्त्रज्ञांनी गर्दीला नदीचं गणित लावून पाहिलं. वाहत्या पाण्यात दगड टाकला की मागं भोवरा उठतो आणि दगड उचलून घेतला तरी तो काही काळ फिरत राहतो. गर्दीतला दगड म्हणजे भांडणारी दोन माणसं. ती थांबतात, त्यांच्याभोवतीचे थबकतात, कुणी बघत राहतं, कुणी वाट बदलतं. दोघं निघून गेल्यावरही तो भोवरा रांगारांगांतून पसरत जातो आणि शेवटी कुठंतरी एक विमान खोळंबतं. तेव्हा भांडणं मोडण्यापेक्षा ती होऊच न देणं स्वस्त. म्हणजे ज्यांचं भांडण होईल अशी माणसं समोरासमोर येऊ द्यायची नाहीत.

"पण कुणाचं कुणाशी होईल हे कळणार कसं?" परवीनबाई म्हणाल्या. "त्यासाठी स्नेहांक. बुद्ध्यांक असतो ना, तसा. दोन माणसांमधला आकडा. चालताना पावलं जुळतात का, आवाजाची पट्टी एकमेकांकडे सरकते का, हे सगळं त्यात धरतात. पण सगळ्यात जास्त भार निरोपाला. माणसं दिवसभर खोटं बोलू शकतात, निरोप घेताना नाही जमत, असं त्यांना आढळलं. मुलगी आईला 'जेवून घे गं' म्हणते, नवरा नुसताच 'हं' म्हणतो. त्या एवढ्याशा बोलण्यात सगळं नातं उतरतं."

"आणि माझे निरोप यानं कुठं ऐकले?"

"तिकीट काढताना परवानगी दिलीत की. तिकीट काढल्यापासून विमानात बसेपर्यंत फोन ऐकतो. शब्द साठवत नाही, नुसता आकडा करतो." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. तुमच्या घरातून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस. दार उघडल्याचा आवाज, चपला, दार बंद. एकानंही 'येतो' म्हटलेलं नाही. 'काळजी घ्या' नाही, 'भेटू' नाही. उठले आणि चालते झाले. आणि तुम्हीही कुणाला 'या' म्हटलं नाहीत. तुमचा भाऊ तर घरातला माणूस, लांबच्या प्रवासाला निघालेला. तोही चकार शब्द न बोलता गेला. मशीनच्या मते तुमचं जगात कुणाशीच पटत नाही. म्हणून शेजारच्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या असतील त्यानं. आणि भावाशी तर पराकोटीचं बिनसलंय."

केतकी त्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं. कितीतरी दिवसांत न आलेलं हसू, आणि ते आवरेना.

"अहो," ती म्हणाली, "दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं!"

"म्हणजे?"

"'येतो' म्हणजे पुन्हा येतो. अशा प्रसंगाला पुन्हा यायची वेळ कुणावर येऊ नये. म्हणून मुकाट उठून जायचं. आणि घरातल्यांनीही 'या' म्हणायचं नाही. तेरा दिवस माणसांची रीघ लागली होती माझ्याकडे. शेजारच्या काकू तर रोज मऊभात घेऊन यायच्या आणि तशाच न बोलता जायच्या. तुमच्या यंत्रानं त्यांनाही माझं वैरी केलं असेल."

परवीनबाईंनी पडद्यावर बोट फिरवलं. "रोज सकाळी अकराच्या सुमाराला येणाऱ्या? भावाच्या खालोखाल वैर त्यांच्याशीच दाखवलंय."

आता दोघीही हसल्या. मग परवीनबाई गंभीर झाल्या. "याला लाखांनी निरोप शिकवलेत. पण सगळे विमानतळांवरचे, स्टेशनांवरचे. मयताच्या घरचे कोण देणार? कळवते मी वर. पण त्याला महिने लागतील. आत्ता दार उघडायचं तर नोंद करावी लागेल." त्यांनी एक चौकट उघडली. "म्हणा, 'आमच्यात वाद नाही.' तुमचा आवाज खरा वाटला की उघडेल."

केतकीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

यंत्राचं गणित चुकलं होतं. त्याचं उत्तर मात्र चुकलं होतं का? तन्मय त्या दिवशी रीतीप्रमाणेच मुकाट गेला. पण रीत नसती तर तो काही बोलला असता, अशी तिला खात्री होती का? चपला घालताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तिनंही पाहिलं नव्हतं. 'येतो' न म्हणण्याच्या रीतीआड दोघं बेतानं लपले होते.

"म्हणा ना," परवीनबाई म्हणाल्या.

"वाद आहे," केतकी म्हणाली. "म्हणूनच भेटायचंय."

परवीनबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असा पर्याय नाही यात. 'वाद नाही', 'समेट झाला', नाहीतर 'संबंध नाही'."

"संबंध नाही म्हणजे?"

"ओळखच नाही. अनोळखी माणसांना तो फार तर शेजारी बसवत नाही, पण दार अडवत नाही. अनोळखी माणसं कशाला एवढं भांडतील, असा त्याचा हिशेब. पण ते करू नका. हा आकडा आता आम्ही एकटेच वापरत नाही. विमान कंपन्या, दवाखाने, सरकारी खाती, सगळे आप्त कोण ते यातूनच बघतात. संबंध नाही म्हटलंत की तुमचं नाव त्याच्या नावापासून तुटलं. तिथं बर्फात त्याला काही झालं तर तुम्हाला कुणी कळवणार नाही. परत जोडायचं तर दोघांनी एका ठिकाणी हजर राहावं लागतं."

"म्हणजे तो परत आल्यावर."

"आल्यावरच."

काचेपलीकडे जिन्याच्या वरच्या टोकाला केळीच्या बागेचा हिरवा तुकडा दिसत होता. केतकीला 'समेट झाला' म्हणता आलं असतं; पण तेही खोटं, आणि ते यंत्राच्या कानावर पडण्याआधी तिला स्वतःला ऐकावं लागलं असतं. भावाचं नाव घेऊन निदान एक वाक्य तरी असं हवं होतं ज्याच्यावर लाल पेन्सिल फिरणार नाही. ते तिला सापडलं नाही. घड्याळ पुढं सरकत होतं.

"तन्मय राऊळ यांच्याशी माझा काही संबंध नाही," ती म्हणाली.

तिचा आवाज इतका सपाट निघाला की यंत्राला तो खरा वाटला. दार सरकलं.

तन्मय केळीच्या भिंतीखाली बसला होता, केशरी रंगाची अवाढव्य बॅग पायाशी, कानातला मणी पाण्याच्या रिकाम्या पेल्यात. तिला बघून तो उठला.

"ताई! केवढा उशीर. माझी घोषणा झाली बघ."

तिनं डबा उघडला. शिरा गार होऊन घट्ट बसला होता. चमचा आणायचा राहिला होता. तिनं बोटांनीच तोडला आणि त्याच्या तोंडात घातला. त्यानं तिच्या तोंडात घातला. तूप, वेलदोडा, आणि करपल्याचा किंचित वास. पहाटे ढवळताना तिचं लक्ष नव्हतं.

घास गिळल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वर्षी जागा ठेवतो म्हणाले होते तुला."

तो चावायचा थांबला.

"कुणी सांगितलं?"

"ते महत्त्वाचं नाही. म्हणाले होते की नाही?"

"ताई, विमान सुटेल. आत्ता नको."

"आत्ताच. मला म्हणालास सुटी मिळत नाही. आई रोज दाराकडे बघायची. मी तिला सांगायचे, अगं त्याला सोडत नाहीत. मी! तुझ्या वतीनं मी खोटं बोलले तिच्याशी, आणि मला ठाऊकसुद्धा नव्हतं ते खोटं आहे."

"हळू बोल."

"का? लोक ऐकतील म्हणून? ऐकू देत!"

लोक थबकले होते. इडलीच्या बशीवाले म्हातारे, कडेवर मूल घेतलेली एक बाई, गणवेशातले दोघे. हे दालन उघडल्यापासून इथं कुणी असं मोठ्यानं बोललं नसावं. काहींच्या चेहऱ्यावर भीती होती आणि काहींच्या चक्क कुतूहल. छतातून मंद बासरी सुरू झाली. एक सफाईचं यंत्र कुंडी घेऊन दोघांच्या मध्ये येऊन उभं राहिलं. तन्मयनं ते पायानं बाजूला ढकललं.

"हो, म्हणाले होते!" तोही आता ओरडला. "जागा ठेवतो म्हणाले होते. मीच नको म्हटलं. मला नव्हतं बघायचं ते, ताई. तिच्या नाकात नळ्या, तिचं ते सगळ्यांना नावं विसरून हाका मारणं. तू बघू शकतेस. तुला जमतं. मला नाही जमत. मी बर्फात जाऊन पळत होतो डोंगरावर, आणि रोज वाटायचं आज फोन येईल, आज येईल, आणि आला नाही की बरं वाटायचं. ऐकलंस? बरं वाटायचं. झालं समाधान?"

"नाही झालं."

"मग काय करू?"

"मला काय माहीत! मला जमतं असं कुणी सांगितलं तुला? विचारलंस कधी?"

त्यानं मनगटानं नाक पुसलं, लहान मुलासारखं. तिला त्याची दया आली नाही. दया येईल असं तिला रस्ताभर वाटलं होतं, तेरा दिवस वाटलं होतं. पण तेरा दिवस छातीवर बसलेला संशय आता तिथं नव्हता. त्या जागी राग होता, आणि राग निदान समोर उभ्या असलेल्या माणसावर होता.

तन्मयचं नाव छतातून पुन्हा पुकारलं गेलं. पलीकडचं दार उघडून वाट बघत होतं.

"आणखी एक," ती म्हणाली. "इथं यायला मी लिहून दिलंय की तू माझा कुणी नाहीस. तुला तिथं काही झालं तर मला कळवणार नाहीत. कळवायचं तर तुलाच कळवावं लागेल."

"तू असं लिहून दिलंस?"

"बोलून दिलं."

"केवढी गं तू..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. बॅग खांद्यावर चढवली. "मी करीन फोन. दर रविवारी. तिथं लाइन मिळते."

"तू 'करीन' म्हणतोस त्याचं मला आता काही सांगू नकोस."

"बरं. नाही सांगत."

तो दारापर्यंत गेला, थांबला आणि वळला.

"माफ केलं नाहीस ना?"

"नाही."

"म्हणजे फोनवर शिव्या देशील."

"देणार."

"सगळं विचारशील."

"सगळं. आईचा एकेक दिवस सांगणार आहे तुला. ऐकावं लागेल."

तन्मयनं मान हलवली. दार मिटायला लागलं होतं. त्यानं त्यात आपला बूट घातला.

"मग करतो," तो म्हणाला आणि पळत सुटला.